पासवाले काका

पासवाले काका तिकीट काढत नाहीत. परवडत नाही म्हणून नव्हे. खारघरला त्यांचे दोन फ्लॅट आहेत आणि त्यातल्या एकाचं भाडं येतं. पण तिकीट काढणं म्हणजे 'या शहरात आपल्याला कुणी ओळखत नाही' असं स्वतःच्या हातानं लिहून देणं, असं त्यांचं स्वच्छ मत आहे. नाटक असो, दिवाळी पहाट असो की दोन देशांच्या क्लबांमधला फुटबॉल सामना, काकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "स्पॉन्सर कोण?" स्पॉन्सर कळला की जाहिरातवाले कळतात, जाहिरातवाले कळले की तिथला एखादा मुलगा सापडतो, आणि तो मुलगा कुणाचा ना कुणाचा भाचा, जावई, गेला बाजार साडूचा मेहुणा असतोच.

खेळांचा इतिहासही त्यांच्या डोक्यात याच क्रमानं लागलेला आहे. 1987 चा विश्वचषक म्हणजे नुसतं 'रिलायन्स', 1993 म्हणजे 'हिरो', 1996 म्हणजे 'टायटन'. जिंकलं कोण, हे विचारलंत तर ते डोकं खाजवतात. पण आपण कुठल्या स्टँडात बसलो होतो आणि खाऊच्या पुड्यात सँडविच होतं की सामोसा, हे तारखेनिशी सांगतील. 1998 मध्ये विजय मल्ल्यांच्या समूहानं मोहन बागानच्या नावाआधी मॅकडॉवेल लावलं आणि ईस्ट बंगालच्या नावाआधी किंगफिशर. ज्यांच्या भांडणावर कोलकात्यातली घरं उभी दुभंगतात, ते दोघे एकाच मालकाच्या पंगतीला बसले. लोक यावर हळहळले, कुणी हसले. काका म्हणाले, "केवढी सोय! एकाच ऑफिसात दोन्हीकडचे पास!"

त्यांना हळहळ आहे ती एकाच सामन्याची, टोयोटा कपाची. युरोपचा विजेता क्लब आणि दक्षिण अमेरिकेचा विजेता क्लब आधी एकमेकांच्या घरी जाऊन खेळायचे. खेळायचे म्हणजे हाणामारीच जास्त. 1969 साली ब्यूनस आयर्समध्ये मिलानविरुद्धच्या सामन्यानंतर एस्तुदियांतेसच्या खेळाडूंना तुरुंगात टाकावं लागलं होतं. पुढे पुढे युरोपातले मोठे क्लब जायलाच नाही म्हणू लागले. मग 1980 पासून टोयोटाच्या पैशानं एकच सामना, तोही तिसऱ्याच देशात: आधी टोकियो, शेवटी योकोहामा, 2004 पर्यंत. सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूला मोटार. 1981 ला फ्लेमेंगोनं लिव्हरपूलला 3-0 नं हरवलं आणि गाडी झिकोला मिळाली. हे सगळं मी काकांना रंगवून सांगितलं. काका बराच वेळ विचारात पडले. मग म्हणाले, "पळणाऱ्याला गाडी, म्हणजे बसणाऱ्याला निदान छत्री तरी असेलच."

तर 2023. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये मुंबई सिटी आणि सौदीचा अल हिलाल एकाच गटात आले. अल हिलालनं नुकताच नेमार घेतला होता. या स्पर्धेतले मुंबईचे घरचे सामने पुण्यात बालेवाडीला व्हायचे. हा मात्र नेरुळला, डी. वाय. पाटील मैदानावर. काकांच्या दृष्टीनं नेमार त्यांच्या गल्लीतच येणार होता. फोन सुरू झाले. साहेब बैठकीत होते, भाचा बाहेरगावी होता, साडूनं तर नंबरच बदलला होता. मग 17 ऑक्टोबरला उरुग्वेविरुद्ध खेळताना नेमारच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि काकांच्या ओळखी एकदम जुळल्या. 23 तारखेला रियाधमध्ये मुंबईनं सहा गोल खाल्ले, त्यानंतर तर साडूनं स्वतःहून फोन केला. "बिचाऱ्याचा गुडघा," काका मला म्हणाले आणि पास खिशात ठेवले. काकू फक्त क्रिकेटच्या पासावर येतात, म्हणून त्यांच्या जागी मी.

6 नोव्हेंबर, सोमवार. आत शिरल्यावर काकांनी मैदानाकडे पाहिलं नाही. आपल्या वर कोण बसलंय ते पाहिलं. वरचे लोक गळ्यात फीत अडकवून होते, आपल्या हातात नुसता कागद. पहिली वीस मिनिटं याच दुःखात गेली. समोर मुंबई सिटीचे निळे पाठीराखे उभ्यानं गात होते, ढोल बडवत होते.

"यांना किती देतात रे?"

देत नाहीत, ते पदरच्या पैशानं तिकीट काढून येतात, पुण्यालाही जातात, असं मी सांगितलं. त्या संध्याकाळी काकांच्या चेहऱ्यावर खरी करुणा मी तेव्हाच पाहिली.

मध्यंतराला 0-0. पंधरवड्यापूर्वी सहा गोल खाल्लेले हेच पोरगे आता पाय रोवून उभे होते, आणि आजूबाजूचं अख्खं मैदान खुर्चीच्या कडेला सरकलं होतं. काका चहाच्या रांगेत होते. उत्तरार्धात ब्राझीलच्या मायकलनं गोल केला, तेव्हा त्यांनी मोठ्या पडद्याकडे बघत विचारलं, "आपला की त्यांचा?" त्यांचा, म्हटल्यावर शांतपणे, "असू दे, पाहुणे आहेत."

आणि शेवटची दहा-बारा मिनिटं उरली असताना ते उठले. गर्दी व्हायच्या आत पार्किंग गाठायचं, हा त्यांचा दंडक. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यालाही ते तो मोडणार नाहीत. आम्ही उतारावर असताना आत आरोळी उठली. मित्रोविचनं दुसरा गोल केला होता.

काका मात्र आजही सोसायटीत सामना 1-0 असाच सांगतात. एकदा एका शाळकरी मुलानं मोबाइल काढून 2-0 दाखवलं. काकांनी चष्मा वर करून पाहिलं आणि मोबाइल परत दिला. "असेल," ते म्हणाले, "दुसरा तिकीटवाल्यांसाठी असेल."