हात कुणी लावला?

कर्जत-खालापूर पट्ट्यात ज्या कुणाच्या फार्महाउसचं गेट अर्धवट राहिलं आहे, त्याला भाऊ माहीत असतात. चौक, कडाव, कशेळे, सावरोली. नाका बदलला की भाऊ बदलतात. पण शर्टाच्या बाहीला ठिणग्यांनी पडलेली भोकं, कानामागे खोचलेला खडू आणि टेम्पोतून उतरवलेला जुना डिझेल वेल्डिंग सेट या खुणा सगळीकडे सारख्याच. सेटचं वय भाऊ सांगत नाहीत. फारच खोदून विचारलं तर म्हणतात, "वडलांनी घेतला तवा एक्सप्रेस-वे नव्हता."

विजेच्या बाबतीत आमचा भाग मागासलेला आहे असं म्हणायची सोय नाही. घाटावरचं पाणी खाली सोडून टाटांनी खोपोलीला १९१५ साली आणि भिवपुरीला १९२२ साली वीज काढली. ती वीज निघाली ती मुंबईच्या गिरण्यांकडे. आजही उच्च दाबाच्या तारा डोक्यावरून जातात आणि त्यांच्याखाली प्लॉटवाला शेठ मीटरच्या अर्जाचं काय झालं म्हणून फोन करत असतो. वरची तार आणि खालचा अर्ज यांच्यामध्ये जी जागा उरते, तीत भाऊंचा धंदा चालतो.

चालतो म्हणजे, सेट चालू झाला तर.

पावसाळाभर पडून राहिलेला सेट दिवाळीच्या सुमारास बाहेर निघतो. पोऱ्या हँडल मारतो. इंजिन दोनदा खोकतं आणि गप्प होतं. अशा वेळी दुसरा मेकॅनिक पाना मागेल. भाऊ पाना मागत नाहीत. ते कमरेवर हात ठेवून जमलेल्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघतात आणि विचारतात, "हात कुणी लावला?"

डिझेल इंजिनाला तीन गोष्टी लागतात: हवा, डिझेल आणि दाब. पेट्रोलच्या इंजिनासारखा ठिणगीचा प्लग त्यात नसतो. सिलिंडरमध्ये हवा इतकी दाबली जाते की तीच तापून डिझेल पेटवते. हे भाऊंना उत्तम ठाऊक आहे. फक्त त्यांच्या अनुभवानुसार चौथी गोष्टही लागते, ती म्हणजे इंजिनाला कुणी हात न लावणं. त्यामुळे त्यांची तपासणी पोलीस पाटलाच्या पंचनाम्यासारखी चालते. डिझेल कुणी भरलं? कुठल्या ड्रमातलं? त्या ड्रमाचं झाकण कुठंय? पत्र्यावरून गळणारं पाणी थेट त्यात पडत होतं, हे पोऱ्याच्या तोंडून निघालं की भाऊ समाधानाने मान हलवतात. इंजिन अजून बंदच असतं, पण प्रकरणाला तोंड फुटलेलं असतं.

माणसांची जबानी संपली की इंजिनाची सुरू होते, आणि इथे मात्र भाऊ मोठे शिस्तीचे. आधी स्टॉपचा खटका बघायचा, तो ओढलेलाच राहिला असेल तर बाकीचा खटाटोप फुकट. मग सायलेन्सरकडे बघायचं. हँडल मारताना पांढरा धूर आला तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. धूरच नाही, तर डिझेल पोचतच नाही. मग फिल्टरचा स्क्रू ढिला करायचा, पाइपात अडकलेली हवा बुडबुड्यांवाटे जाऊ द्यायची, पुढे पंप, त्याच्यापुढे नोझलचा नट. नवीन पोऱ्याला हँडल देताना ते एकच वेद शिकवतात: "अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव. उलटा झटका आला तर अंगठा माझ्याकडं मागायला येऊ नको."

तोवर सल्लागार गोळा होतात. दुधाचे कॅन लटकवलेला मोटारसायकलवाला गाडी बंद न करताच "नोझल गेला" असं सांगून निघून जातो. रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका हटकून असतात. कर्जतला घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून इंजिनं जोडलेली पाहण्यात त्यांची हयात गेली, त्यामुळे कुठल्याही अडचणीवर मागून जोर लावणे हाच उपाय त्यांना सुचतो. शेठ मोबाइलवर व्हिडिओ शोधतात आणि त्यातलं पिवळंधमक इंजिन भाऊंना दाखवतात. भाऊ ते आदराने बघून परत करतात. "छान हाय. ह्याला हात लावलेला नाय कुणी."

गेल्या मोसमात मात्र भाऊंच्या शास्त्राची कसोटी लागली. टाकी भरलेली, डिझेल स्वच्छ, खटका जागेवर. तरी फिल्टरचा स्क्रू ढिला केला की चार थेंब यायचे आणि धार तुटायची. पोऱ्याने शपथ घेतली. वॉचमनने शपथ घेतली. कुणीच हात लावलेला नव्हता. भाऊंचा चेहरा उतरला. शेवटी त्यांनी टाकीचं झाकण उघडलं, आणि डिझेल भळभळा वाहू लागलं. झाकणाच्या ज्या बारक्या भोकातून टाकीत हवा जाते, त्यात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधून ठेवलं होतं. वर हवा शिरेना, म्हणून खाली डिझेल उतरेना. काडीने भोक मोकळं केलं, हवा काढली, सिलिंडरचा दाब सोडणारा दुसरा खटका वर करून चाकाला वेग दिला, खटका सोडला. आणि सेटने असा काही दणका दिला की शेजारच्या प्लॉटवरचे बगळे उडाले.

"म्हणजे माणसाचा हात नव्हताच, भाऊ," शेठ म्हणाले.

भाऊंनी क्षणभर विचार केला. "माशी आत आली कशी? ताडपत्री काढली म्हणून ना? मग ताडपत्रीला हात कुणी लावला?"

वॉचमनने मान खाली घातली. धान्य सुकत घालायला ताडपत्री त्यानेच नेली होती.

इंजिन लागलं म्हणजे काम लागलं असं नाही. होल्डर अँगलला टेकवला तर ठिणगी नाही. महिनोन्‌महिने पडून राहिल्यावर जनरेटरमधलं उरलंसुरलं चुंबकत्वही कधीकधी उतरतं, आणि ते नसेल तर नुसतं चाक फिरून करंट बनत नाही. त्यावर भाऊंचं औषध ठरलेलं: टेम्पोची बॅटरी काढायची आणि फील्डच्या वायरींना क्षणभर तिचा फटका द्यायचा. करंट येतो. गेटच्या दोन बिजागऱ्या वीस मिनिटांत बसतात. मजुरी अख्ख्या दिवसाची लागते आणि ती रास्तही वाटते, कारण दिवसभर एवढी माणसं उगीच उभी नव्हती. प्रत्येक जण संशयित होता.

शेठना अखेर मीटर मिळालं. त्यांनी हौसेने एका हातात मावेल असं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन आणलं आणि भाऊंना दाखवलं. बटण दाबलं की चालू. भाऊंनी ते उचललं, वजन पाहिलं, मागचा पंखा पाहिला.

"आन बंद पडलं तर?"

"आतलं कार्ड बदलायचं."

"बिघडवलं कुणी ते कसं कळायचं?"

"ते नाही कळत, भाऊ."

भाऊंनी मशीन हलकेच खाली ठेवलं. "मग नको, शेठ. आपल्याकडं पोरं कामाला हायत. मशीन बिघडलं तर चालंल, पन कुणाला बोलायचं ते ठरलेलं पायजे."