डबा रंगवला, वेळापत्रक तेच

शाळेच्या ग्रंथालयासाठी ‘भविष्यवेधी’ पुस्तकं निवडायची म्हटलं, की समितीचा हात आधी मुखपृष्ठावरच्या रोबोकडे जातो. एकविसावं शतक पाव सरलं, तरी त्याची ‘कौशल्यं’ अजून येऊ घातलेलीच आहेत.

भाकितांचं काय! 1913 साली एडिसनसाहेब सांगून बसले, की सिनेमा आलाय, आता शाळेतली पुस्तकं मोडीत निघणार आणि दहा वर्षांत शाळा पार बदलणार. आज तीच भाकितं पुस्तकं छापून शाळांनाच विकली जातात.

त्यापेक्षा आयझॅक असिमॉव्हची 1951ची गोष्ट घ्या. सीबीएसईच्या नववीला ती कित्येक वर्षं होती. साल 2157, शाळा घरातच, मास्तर म्हणजे पडद्याचं यंत्र. 2020 मध्ये मुलं मोबाइलसमोर बसली आणि असिमॉव्ह द्रष्टा ठरला. पण खरी मेख पुढेच आहे. 2157 मध्येही गृहपाठ सुटलेला नाही! गोष्टीतली मार्जी तो यंत्राच्या फटीत सरकवते, यंत्र लगेच गुण देतं आणि भूगोलात ती सारखी आपटते. मग इन्स्पेक्टर येतो. तपासतो कोणाला? यंत्राला! पोरीचा दोष नाही, भूगोलच जास्त वेगानं चाललाय, म्हणतो आणि वेग कमी करून जातो. असा इन्स्पेक्टर आपल्याकडे यायला बहुधा 2157च उजाडेल.

तेत्सुको कुरोयानागींचं ‘तोत्तोचान’ तर शिक्षकांच्या भाषणात हमखास. त्यातली टोकियोची शाळा रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरायची. आपल्या कित्येक जिल्हा परिषद शाळांच्या भिंतींवरही डबे, खिडक्या, चाकं रंगली आहेत. हौस दांडगी, रंगही झकास. पण तोत्तोचानचे मुख्याध्यापक कोबायाशी सरांच्या शाळेत दिवसभराचं काम सकाळीच फळ्यावर लिहिलेलं असे आणि आधी काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. आपल्या डब्यात पहिला तास गणिताचा म्हणजे गणिताचाच. एवढं मात्र पेंटरला जमण्यासारखं नव्हतं.

भविष्य बघायला टोकियोच गाठायला हवं असंही नाही. डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला मुलं गुरं राखायला जायची, म्हणून ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा! बाक नाहीत, भिंती नाहीत, घंटेचा धाक नाही. आज कोणी आर्किटेक्ट ‘फ्लेक्झिबल लर्निंग स्पेस’ म्हणून त्याच्या पन्नास स्लाइड दाखवेल आणि आपण टाळ्या वाजवू.

तेव्हा निवड समितीनं मुखपृष्ठ बाजूला ठेवावं आणि एवढंच बघावं, की पुस्तकात वेळापत्रक कोणाच्या हातात आहे. मग ते मुख्याध्यापकांना वाचायला द्यावं. वाचून त्यांना घाम फुटला तर खुशाल दहा प्रती मागवाव्यात. ‘छान आहे, भिंतीवर काढून घेऊ’ म्हणाले, तर समजावं, फर्निचरचं कॅटलॉग पुस्तकाच्या भावात पदरात पडलंय.