मुरमाच्या चढाविषयी कॉव्हेन्ट्रीहून सविनय निवेदन

मुक्काम कॉव्हेन्ट्री, कार्तिक वद्य पंचमी

तीर्थस्वरूप नानांच्या सेवेसी, पुतण्या, सूनबाई व मुलांचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष. इकडील सर्व क्षेम असून शहाद्याकडील मंडळींचे कुशल फोनवरून नित्य कळत असते; प्रस्तुत पत्राचा विषय घरातील ज्या एकाच घटकाचे क्षेम नाही तो, म्हणजे खळ्यातील जुना मॅसी फर्ग्युसन १०३५, हा आहे. एकदा चालू झाल्यावर हा ट्रॅक्टर दिवसभर तक्रारीस जागा ठेवत नाही. परंतु चालू व्हावे की नाही हा निर्णय तो स्वतःकडे राखून ठेवतो, आणि या निर्णयाचा मान राखण्यासाठी घराने आधी दिनचर्या, मग पाहुणचार आणि आता भूगोलही बदलला आहे, असे नुकत्याच आलेल्या छायाचित्रावरून दिसते.

छायाचित्रात गोठ्याशेजारी मुरमाचा एक नवा चढ आहे. तापीकाठची काळी जमीन सपाट असल्याने ट्रॅक्टर उतारावर लावून गिअरमध्ये सोडण्याची सोय तिथे निसर्गाने केलेली नाही, आणि रोज रात्री तो तोरणमाळच्या घाटात नेऊन ठेवणे व्यवहार्य नाही, हे मान्य करावे लागते. तथापि मुरूम, रोलर आणि मजुरी यांत गेलेल्या पैशांत नवी बॅटरी येऊन वर काही उरले असते, असा हिशेब काकूंनी स्वतंत्र फोन करून कळविला आहे. जावईबापूंना चहापूर्वी ट्रॅक्टरच्या मागे उभे करण्याची प्रथा या चढामुळे बंद पडली, एवढा त्याचा सामाजिक लाभ मात्र नाकारता येत नाही.

परदेशी बसून सल्ला देण्याचा अधिकार काय, अशी शंका नाना घेतील, म्हणून तो अधिकार प्रथम सिद्ध करणे योग्य. कॉव्हेन्ट्रीतील बॅनर लेन येथे दुसऱ्या महायुद्धात विमानांची इंजिने बनविणारा कारखाना होता. तेथेच १९४६ पासून हॅरी फर्ग्युसन यांचा टीई-२० हा लहान राखाडी ट्रॅक्टर तयार होऊ लागला, पुढे त्याच्या जागी ३५ क्रमांकाचा ट्रॅक्टर आला, आणि त्याच घराण्याचे तंत्र १९६० मध्ये स्थापन झालेल्या टॅफे कंपनीमार्फत मद्रासला पोचून कालांतराने शहाद्याच्या उसात उतरले. बॅनर लेनचे ट्रॅक्टर-उत्पादन २००२ च्या अखेरीस थांबले व त्या जागी घरे उभी राहिली. त्यांपैकी एका घरात सध्या हे कुटुंब भाड्याने राहते; म्हणजे नानांच्या ट्रॅक्टरचे आजोळ कुटुंबाच्या स्वयंपाकघराखाली आहे, आणि मामाच्या नात्याने दोन शब्द सुनावण्यास एवढे पुरेसे आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवेला दाबून मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या-सतराव्या हिश्शात कोंबतो, त्या दाबाने हवा कित्येकशे अंश तापते, आणि त्या तापलेल्या हवेत नोझलने डिझेलचा बारीक फवारा सोडला की ते आपोआप पेटते. इंजिन मंद फिरले तर ही उष्णता सिलिंडरच्या थंड भिंती शोषून घेतात आणि फवारा न पेटता तसाच बाहेर पडतो. म्हणून सेल मारताना सायलेन्सरकडे पाहणे हे निदानाचे पहिले साधन ठरते: पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचत आहे पण पेटत नाही, तेव्हा दोष बॅटरीत, वेगात किंवा कम्प्रेशनमध्ये शोधावा, धूर मुळीच येत नसेल तर डिझेलच पोचत नाही, आणि मग बॅटरीला दोष देणे अन्यायाचे होईल. नानांकडे धूर कोणता येतो याविषयी घरात चार मते आहेत, कारण त्या क्षणी सर्वांचे लक्ष ढकलण्याकडे असते.

काकूंच्या वर्णनानुसार ट्रॅक्टर सकाळी अडतो, परंतु दुपारी बंद करून लगेच सेल मारल्यास पहिल्या झटक्यात चालू होतो. हे लक्षण बोलके आहे. मिस्तरी ज्यास ‘हवा घेतली’ म्हणतात तो प्रकार येथे संभवतो: टाकी, फिल्टर व पंप यांमधील एखादा तांब्याचा वायसर दबून निकामी झाला की रात्रभरात तेथून थोडे डिझेल झिरपते, त्याची जागा हवा घेते, आणि पंप सकाळी डिझेलऐवजी ती हवाच दाबत बसतो. हवा दबते, पण नोझल उघडण्याइतका जोर तिच्यात येत नाही. परीक्षा सोपी आहे. संध्याकाळी सर्व जोड कोरड्या फडक्याने पुसून खाली वर्तमानपत्राचा कागद पसरावा व सकाळी तो उचलून पाहावा. तेलकट डागाच्या नेमका वर असलेला जोड हाच आरोपी. वायसर बदलल्यावर फिल्टरवरचा स्क्रू किंचित सैल करून हातपंप मारावा, फेस संपून डिझेलची अखंड धार येताच तो आवळावा, मग पंपाचा स्क्रू, आणि शेवटी नोझलचे नट, अशा क्रमाने हवा काढावी. नोझलच्या जोडातून उडणारी धार कातडी भेदून आत शिरू शकते, त्यामुळे तेथे बोट लावून पाहण्याचा मोह टाळावा.

विजेची बाजू त्यामानाने किरकोळ, पण दुर्लक्षित आहे. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते, आणि सेल मारताना ती साडेनऊच्या खाली घसरत असेल तर ती बहुधा उतरलेली किंवा निकामी असते. ती ठीक असूनही मोटर कण्हत फिरते तेव्हा केबलचे जोड हाताने चाचपावेत. जो जोड कोमट लागतो तेथे वीज अडून उष्णतेत खर्च होते. टर्मिनलवरची हिरवट-पांढरी पूड काकूंच्या डब्यातील खाण्याचा सोडा गरम पाण्यात कालवून निघते, आणि अर्थची पट्टी रंगावर बसविलेली असेल तर खालचा रंग खरवडून उघड्या लोखंडावर आवळावी लागते. गेल्या दिवाळीत ट्रॅक्टरला दिलेला नवा लाल रंग दिसायला शोभिवंत आहे. पट्टीच्या बोल्टाखालीही तो तितक्याच मनापासून दिलेला आहे, असे छायाचित्रात दिसते.

दोन रूढींचा मात्र स्पष्ट निषेध करणे भाग आहे. एअर क्लीनरच्या तोंडाशी पेटता बोळा धरल्याने हवा तापते हे खरे असले, तरी त्याच आगीत गोठाही तापू शकतो. जमिनीवर उभे राहून पान्याने स्टार्टरची टोके जोडणे तर सर्वांत घातक, कारण ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर चालू होताक्षणी मागचे चाक त्या माणसावरच येते. जुन्या टीई-२० मध्ये गिअरचा दांडाच एका ठरावीक खाचेत ढकलून सेल मारावा लागे, त्यामुळे गिअरमध्ये असताना सेल लागतच नसे. हॅरी फर्ग्युसन यांना शेतकऱ्याच्या घाईचा पूर्ण अंदाज होता असे दिसते.

मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंतीच्या सारंगखेड्याच्या यात्रेस ट्रॉली जोडून सर्व मंडळी जाणार असल्याचे कळले. तेथील घोडेबाजार प्रसिद्ध असून, घोड्याला सकाळी हवा काढावी लागत नाही, या नानांच्या सिद्धान्तास तेथे शेकडो अनुयायी मिळतील. तरीही ट्रॅक्टर विकून घोडा घेण्याचा विचार यात्रेपुरता स्थगित ठेवावा, अशी काकूंची लेखी विनंती सोबत पाठविली आहे. वर्तमानपत्राच्या कागदाचे सकाळचे छायाचित्र कृपया डागासह पाठवावे, आणि तो कागद त्या दिवसाचा नसावा, कारण नानांनी तो आधी वाचलेला असणे घरातील शांततेच्या दृष्टीने आवश्यक आहे. कळावे, लोभ असावा, ही विनंती.