निरोपाच्या दौऱ्यानंतरचा दौरा

आमचा मावसभाऊ ऐंशीच्या दशकात बर्कलीला एमएस करायला गेला आणि डिग्रीबरोबर ग्रेटफुल डेडचं खूळ घेऊन बाहेर पडला. पालो आल्टोत १९६५ साली जन्मलेला हा बँड १९९५ मध्ये जेरी गार्सिया वारल्यावर संपला, असं जग म्हणतं. दादा म्हणत नाही. बॉब वीअर आणि मिकी हार्ट या जुन्या खोडांनी २०१५ मध्ये जॉन मेयरसारखा तरणा गडी गाठून 'डेड अँड कंपनी' काढली. २०२३ साली तिचा शेवटचा दौरा सॅन फ्रान्सिस्कोत आटोपला, तेव्हा दादा ओक्साबोक्शी रडला आणि वहिनींनी हुश्श केलं. पुढच्या वर्षी लास वेगसच्या स्फिअर या सभागृहात ३० कार्यक्रम जाहीर झाले.

"दौरा शेवटचा म्हणाले होते. वेगसला कुठे दौरा आहे? एकाच जागी तर वाजवतायत!" इति दादा.

मी नेमका तेव्हा दादाकडे फ्रीमाँटला पाहुणा. गुरुवार, शुक्रवार, शनिवार अशी तिन्ही रात्रींची तिकिटं निघालेली. "एकच कार्यक्रम तीनदा बघायचा?" मी विचारून गेलो. वहिनी डोळे वटारून गप्प बस म्हणत होत्या, पण उशीर झाला होता.

वेगसच्या वाटेवर गाडीत उत्तर बेकर्सफील्डच्याही पुढे पुरलं. मूळ बँडने ३० वर्षांत २,३०० च्या आसपास कार्यक्रम केले, ते कुठलं गाणं कधी आणि किती लांबेल याचा पत्ता लागू न देता. शिवाय लोकांना खुशाल रेकॉर्डिंग करू दिलं. १९८४ पासून तर टेपवाल्यांना बसायला वेगळी जागा. अट एकच, कॅसेटी अदलाबदल करा, विकू नका. म्हणून दादाच्या गराजमध्ये कॅसेटी असतात आणि गाडी उन्हात.

"आता पाच-आठ-सत्त्याहत्तर ऐक."

"पाच ऑगस्ट?"

"आठ मे! कॉर्नेल! बार्टन हॉल!"

"आमच्या लग्नाची तारीख विचारा," मागून वहिनी म्हणाल्या. दादाने आवाज वाढवला.

वेगसला ४५ अंशांत पांढऱ्या दाढ्या आणि रंगीबेरंगी टाय-डाय टीशर्टांचा पूर लोटलेला. मधूनमधून काही भली माणसं एक बोट वर करून उभी. आपल्या शाळेत या खुणेचा अर्थ ठरलेला असल्याने मला त्यांची काळजी वाटली. दादा म्हणाला, फुकट तिकिटाचा चमत्कार मागतायत. कधीकधी होतोही म्हणे.

आत पडद्यावर सॅन फ्रान्सिस्कोतलं ७१० अ‍ॅशबरी हे बँडचं जुनं बिऱ्हाड उभं राहिलं. मग आपण त्याच्या डोक्यावरून जे वर उचलले जातो ते थेट अंतराळात. मी खुर्चीचे हात घट्ट धरले. वहिनींनी पर्समधून आवळासुपारी काढून दिली. उत्तरार्धात ऐंशीला टेकलेले हार्ट ढोलांच्या जंगलात शिरले आणि माझी खुर्चीच थरथरू लागली. दादाने राखून ठेवलेला हुकमाचा एक्का टाकला. हार्ट उस्ताद अल्लारखांकडे शिकलेत. माहीमच्या झाकीर हुसेनना घेऊन केलेल्या 'प्लॅनेट ड्रम'ला १९९२ मध्ये ग्रॅमी मिळालं. "आपलंच आहे रे हे!" तो माझ्या कानात ओरडला.

आपलं असेल-नसेल, पण पुढे वीअर सुरू झाले आणि मला लय ओळखीची वाटली. दोन ओळींमध्ये चहा पिऊन यावा इतकी ऐसपैस. भक्तांतच या कंपनीला 'डेड अँड स्लो' म्हणणारे आहेत, आणि दादा त्यांचा पुढारी. पहिल्या रात्री त्याने फक्त मान हलवली. तिसऱ्या रात्री लिफ्टमध्ये एका दाढीवाल्या गोऱ्याबरोबर त्याने तावातावाने तक्रार मांडली, की हेच गाणं गार्सियाच्या वेळी कसं पळायचं.

"दादा," मी म्हणालो, "विलंबित ऐकायला बैठक लागते."

दाढीवाल्याने काय म्हणतोय हा, असं विचारलं. मी त्याला किराणा घराणं समजावून सांगू लागलो. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबून पुन्हा खाली गेली. वहिनी तेवढ्यात उतरून गेल्या होत्या.