शिक्का सरळ हवा

जिल्हा परिषद शाळेत नोकरी केलेल्या कोणालाही आमचे अध्यक्ष वेगळे सांगायला नकोत. काखेत निवेदनांचं फोल्डर, खिशाला दोन पेनं आणि कानाला फोन. संघटना कुठली ते विचारू नका. तालुक्यात संघटना भरपूर, आणि प्रत्येकीला अध्यक्ष असतोच. माझं दुर्दैव एवढंच, की आमची शाळा द्विशिक्षकी आणि दुसरे शिक्षक तेच. ज्येष्ठ म्हणून प्रभारी मुख्याध्यापकही तेच.

अध्यक्षांची श्रद्धा एकाच गोष्टीवर : पोच. "मॅडम, पोच नाही म्हणजे निवेदन दिलंच नाही." शिक्का सरळ हवा, तारीख वाचता आली पाहिजे, सही कोंबडीनं केल्यासारखी असली तरी चालेल. मुलीच्या लग्नाची पत्रिका केंद्रप्रमुखांना दिली, तेव्हा दुसरी प्रत पुढं सरकवून म्हणाले, "इथं जरा सही." देवळात पाच रुपये टाकून पुजाऱ्याकडं असे बघत उभे राहिले, की बिचाऱ्यानं घाबरून पावती फाडली.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ त्यांना तोंडपाठ. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येत नाही, हे ते झोपेतही सांगतील. शिक्षकानं वेळेवर यावं, अभ्यासक्रम मुदतीत पुरा करावा, पालकांना भेटावं, हे सांगणारं कलम २४ थोडंच अलीकडं आहे. त्यांच्या प्रतीत ती पानं चिकटलेली असावीत. कारण मंगळवारी पंचायत समिती, गुरुवारी जिल्हा परिषद, आणि त्यांची तिसरी-चौथी माझ्या पहिली-दुसरीच्या मागं भिंतीला टेकून बसलेली. चार वर्ग, एक खडू. माझ्या 'कमळ'मध्ये त्यांचा भागाकार कितीदा बुडाला, त्याची पोच कोणाकडं मागावी?

आता हेही सांगायलाच हवं. २०१९ मध्ये मी शिक्षणसेवक म्हणून लागले. मानधन महिना ६००० रुपये, आणि तेही पाच महिने अडकलेलं. शालार्थ आयडी नाही म्हणून हा टेबल त्या टेबलाकडं बोट दाखवायचा. अध्यक्ष माझ्यासोबत आले आणि लिपिकासमोरच्या खुर्चीत बसले. भांडले नाहीत. डबा काढला, जेवले, त्यालाही लोणचं दिलं. चार वाजता माझा कागद हलला. १४ मार्च २०२३ला जुन्या पेन्शनसाठी संप झाला, तेव्हा घोषणा देऊन त्यांचाच घसा बसला. ते नोव्हेंबर २००५च्या आधीचे, त्यांची जुनी पेन्शन शाबूत. उन्हात उभे होते ते आमच्यासाठी. मीही मूठ वर करून ओरडत होते, आणि मनात हिशेब चालला होता : चौथीची परीक्षा तोंडावर, भागाकार राहिलाय.

परवा चौथीतल्या एका मुलाची आई आली. संजय गांधी निराधार योजनेत तिचं नाव लावून द्यायला अध्यक्षांनी तहसीलच्या सहा खेपा घातल्या होत्या. त्यामुळं आधी ती त्यांच्या पाया पडली. मग पदराखालून वहीचा कागद काढला, अक्षर बहुधा मोठ्या मुलीचं. मुलगा चौथीत आहे, त्याला वाचता येत नाही, सर वर्गात असावेत, ही विनंती. खाली दुसरा कागद, तस्साच.

"ह्याच्यावर पोच द्या," ती म्हणाली. "तुम्हीच सांगितलं व्हतं, पोच घेतल्याबिगर उठायचं न्हाई."

अध्यक्षांनी कागद दोनदा वाचला. फोन वाजला, त्यांनी तो कापला. हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

"तारीख घातली नाहीस," ते म्हणाले आणि खिशातलं पेन काढून दोन्ही प्रतींवर स्वतःच तारीख घातली. मग ड्रॉवर उघडून शिक्का काढला, शाईवर दाबला, मारला.

वाकडा लागला.