आवक झाली, पुढे काय?

रुबी ऑन रेल्स या वेब-अ‍ॅप बनवण्याच्या साधनाच्या 6.0 आवृत्तीत, 2019 साली, 'अ‍ॅक्शन मेलबॉक्स' आलं. आलेली ईमेल पत्ता बघून आपसूक योग्य कप्प्यात जाते, आणि काम उरकल्यावर मूळ पत्र 30 दिवसांनी नष्ट होतं.

शिरूर-दौंडच्या कचेऱ्यांना याचं काय कौतुक! इथे आवक बारनिशी आहे: गोल शिक्का, क्रमांक, झोकदार सही. मग पत्र 'संबंधित टेबला'कडे निघतं. संबंधित टेबल मीटिंगला गेलेलं असतं. रेल्समध्ये पत्र प्रलंबित, पोहोचलं, फसलं, परत गेलं अशा अवस्थांतून जातं. आपलं पहिलीवरच भागतं. नष्ट मात्र काहीच होत नाही, लाल फडक्यात बांधून कपाटावर चढतं.

तेव्हा मंडळी, अर्ज ईमेलने पाठवलाय ना? मग छापील प्रत घेऊन या, दोन झेरॉक्ससह.