आग्रहाला न बधलेली पाहुणी

आमच्या बीड जिल्ह्यात पाहुण्याचं ‘नको’ कुणी मनावर घेत नाही. ताटावर हात आडवा धरला, तर बोटांच्या फटीतून वरण सोडतात. वहिनींपुढं भलेभले जावई आणि एक मधुमेहाचे डॉक्टर शरण गेलेत. बधली नाही ती एकटी धामण. पुतण्यानं ती सोयाबीनच्या गंजीजवळ धरली आणि ‘पाळायची’ म्हणून रिकाम्या पिंपात ठेवली.

वहिनींनी दूध ठेवलं. धामण ढिम्म. मग साखर घातली, वेलदोडा घातला. चुलत्यांनी अंडं फोडून ठेवलं. तरी ती तोंड उघडेना. गल्ली पिंपावर वाकलेली.

“लाजत असंल,” चुलते म्हणाले. “सगळे तोंड वासून बघायलेत.”

“बाहेरून खाऊन आली असंल,” आईनं निकाल दिला.

शेवटी सर्पमित्राला फोन गेला. त्यानं आल्या आल्या सांगितलं, की दोघांचंही बरोबर आहे. आडोसा नसला, भोवती गर्दी असली, की साप खात नाही. शिवाय अंग गरम ठेवायला त्याला आपल्यासारखं जेवण जाळावं लागत नाही. एका घुशीवर कितीतरी दिवस निघतात. थंडी पडली की पचन मंदावतं. कात टाकायची वेळ आली की डोळे दुधाळ होतात, तेव्हाही उपासच.

“पण नागपंचमीला पितो की दूध!” वहिनी.

“गारुड्यानं पाण्यावाचून ठेवलेला असतो, म्हणून पितो. पचत नाही त्याला.”

वर त्यानं १९७२चा वन्यजीव कायदा ऐकवला. असा साप घरात ठेवणं हा गुन्हा. पुतण्या लगेच पिंपापासून लांब सरकला. जखमी असती तर शिरूर कासार तालुक्यात तागडगावला ‘सर्पराज्ञी’त नेली असती, सिद्धार्थ आणि सृष्टी सोनवणे तिथं जायबंदी वन्यजीव सांभाळतात. पण ही ठणठणीत होती. दुखणं होतं ते आमच्या पाहुणचाराचं. १९८० साली पुण्यात नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांसोबत काचेच्या खोलीत ७२ तास राहिले. वहिनींच्या पाहुणचारात तेवढे तास काढून दाखवणारा अजून जन्मायचाय.

“मग हिला आवडतं तरी काय?” वहिनींनी हार मानत विचारलं.

“उंदीर.”

सगळे गप्प झाले. माळवदाच्या घरात उंदरांना तोटा नव्हता. सोयाबीनची पोती त्यांनीच कुरतडलेली, आणि चुलत्यांनी आदल्याच बाजारी उंदराचं औषध विकत आणलेलं. जी फुकटात राखण करत होती, तिला आम्ही पिंपात घालून वेलदोड्याचं दूध पाजत होतो!

सर्पमित्रानं तिला बांधावर सोडलं. ती मागं वळूनही न बघता बिळात शिरली.

पुतण्यानं आता मांजर पाळलंय. ते आग्रह न करता दूध पितं आणि उंदरांकडं ढुंकूनही बघत नाही. वहिनी खूश आहेत.